अमेरिकी उजव्यांची वाट – लेखांक ६ : खात्यांचं राज्य की न्यायाधीशांचं?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी 'शेव्हरॉन' नावाचा निकाल मोडीत काढला, तेव्हा तिथल्या उजव्या वर्तुळात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. हा निकाल १९८४ चा. कायद्याचे शब्द संदिग्ध असतील आणि सरकारी खात्याने त्यांचा लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायालयाने स्वतःचा अर्थ पुढे न रेटता खात्याचाच मान्य करावा, असं त्याचं सार. चाळीस वर्षं या सूत्रावर हजारो खटले निकालात निघाले. गंमत अशी, की ऐंशीच्या दशकात हे सूत्र डोक्यावर घेणारे बहुतांशी उजवेच होते आणि नाकं मुरडणारे पर्यावरणवादी. मग ही कोलांटउडी कशी झाली? 'खुर्ची बदलली की तत्त्व बदलतं' असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. माझ्या मते तत्त्व फारसं बदललं नाही. बेलगाम सत्तेचं भय तेव्हाही होतं आणि आजही आहे. ती सत्ता कुणाच्या हाती आहे, याचा अंदाज तेवढा बदलला. कायद्याच्या कसोटीवर उजव्यांची बाजू त्यांचे टीकाकार समजतात त्याहून भक्कम आहे. मात्र आपल्या उपायातून जे साधेल असं ते सांगतात, ते साधण्याची चिन्हं फार थोडी दिसतात.

आधी १९८४ चं प्रकरण पाहू. हवेच्या प्रदूषणाविषयीच्या कायद्यात १९७७ मध्ये दुरुस्ती झाली. हवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा अशुद्ध असलेल्या भागात प्रदूषणाचा नवा 'स्थिर स्रोत' उभारायचा किंवा जुन्यात मोठा बदल करायचा, तर कडक परवाना घ्यावा लागेल असं त्यात ठरलं. पण 'स्रोत' म्हणजे काय? कारखान्यातली प्रत्येक चिमणी, प्रत्येक बॉयलर, की अख्खा कारखाना? रेगन सत्तेवर आल्यावर पर्यावरण खात्याने १९८१ मध्ये दुसरा अर्थ लावला. संपूर्ण कारखान्यावर एक काल्पनिक बुडबुडा आहे असं समजायचं आणि त्यातून एकूण किती धूर बाहेर पडतो तेवढंच बघायचं. एक नवा बॉयलर आला, एक जुना बंद झाला, बेरीज वाढली नाही, तर परवान्याची गरज नाही. उद्योगांना हे सोयीचं होतं. पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या आणि वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात जिंकल्याही. तो निकाल लिहिला होता रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात उदारमतवाद्यांचं दैवत झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ० असा फिरवला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: काँग्रेसने प्रश्न स्पष्टपणे सोडवलेला नसेल तर उरतो तो धोरणाचा निर्णय. खातं अध्यक्षाच्या हाताखाली चालतं आणि अध्यक्ष मतदारांना उत्तर देतो. न्यायाधीश कुणालाच उत्तर देत नाही. मग धोरण त्याने का ठरवावं?

उजव्यांना हे भावलं, कारण सत्तरच्या दशकात त्यांना सलत होते ते न्यायाधीशच. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात उदारमतवाद्यांचं वजन होतं आणि सरकारी नियमनाची बहुतेक प्रकरणं तिथेच येत. रेगन यांना १९८४ मध्ये पन्नासपैकी ४९ राज्यांनी कौल दिला होता. अशा अध्यक्षाच्या खात्याने नियम सैल करायचे आणि तहहयात नेमलेल्या तिघा न्यायाधीशांनी ते हाणून पाडायचे, हे त्यांना लोकशाहीची थट्टा वाटे. अँटोनिन स्कालिया यांनी १९८९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या व्याख्यानात शेव्हरॉनची जाहीर पाठराखण केली. मात्र त्या व्याख्यानात एक बारीक मुद्दा होता, जो पुढे महत्त्वाचा ठरला. कायद्याचा अर्थ त्याच्या मजकुरातून आणि इतर कायद्यांशी असलेल्या संबंधातून काढणाऱ्याला मजकूर स्पष्टच आहे असं अधिक वेळा आढळतं, त्यामुळे खात्यापुढे मान तुकवण्याची वेळ त्याच्यावर कमी येते, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे स्कालियांच्या पाठिंब्यातच परतीची वाट होती.

ती वाट पुढच्या पिढीने का धरली, याचं सर्वांत बोलकं उदाहरण इंटरनेटचं आहे. घरात इंटरनेट आणून देणारी कंपनी टेलिफोन कंपनीसारखी 'दूरसंचार सेवा' देते की नुसती 'माहिती सेवा'? पहिली असेल तर तिच्यावर कडक नियम, दुसरी असेल तर सैल. मूळ कायदा १९३४ चा, त्यातली शेवटची मोठी दुरुस्ती १९९६ ची. धाकट्या बुश यांच्या काळात दूरसंचार आयोगाने 'माहिती सेवा' म्हटलं आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेव्हरॉनच्या आधारे ते मान्य केलं. बहुमताचा निकाल क्लॅरन्स थॉमस यांचा होता. स्कालिया विरोधात गेले. ओबामांच्या आयोगाने २०१५ मध्ये तेच शब्द वाचून 'दूरसंचार सेवा' म्हटलं. ट्रम्प यांच्या आयोगाने २०१७ मध्ये पुन्हा 'माहिती', बायडन यांच्या आयोगाने २०२४ मध्ये पुन्हा 'दूरसंचार'. वॉशिंग्टनच्या एकाच अपील न्यायालयाने २०१६ मध्ये एक अर्थ आणि २०१९ मध्ये बरोबर उलटा अर्थ ग्राह्य धरला आणि शेव्हरॉनच्या नियमाप्रमाणे दोन्ही वेळा ते बरोबरच होतं. कायद्यातली एक ओळही न बदलता, केवळ निवडणुकीचा निकाल बदलला म्हणून कायद्याचा अर्थ बदलत असेल, तर नागरिकाने पाळायचं ते काय? उजव्यांचा हा प्रश्न पक्षीय म्हणून सोडून देता येत नाही. स्वतः थॉमस यांनी २०२० मध्ये आपला २००५ चा निकाल चुकला होता असं लिहिलं. न्यायमूर्ती लोक असं क्वचितच करतात.

त्यांच्या बाजूची दुसरी गोष्ट टीकाकार सहसा सांगत नाहीत. शेव्हरॉन गेलं म्हणजे फक्त तेल कंपन्यांचं फावलं, असा एक समज आहे. नील गॉर्सच यांनी (१९८१ च्या त्या पर्यावरण खात्याच्या प्रमुख अ‍ॅन गॉर्सच या त्यांच्या मातोश्री, इतिहासाला असले योगायोग जमतात) अपील न्यायालयात असताना २०१६ मध्ये शेव्हरॉनवर पहिला मोठा हल्ला चढवला, तो एका स्थलांतरिताच्या खटल्यात. स्थलांतर खात्याने कायद्याचा अर्थ मध्येच बदलून तो त्याच्या जुन्या अर्जाला लावला होता. सर्वोच्च न्यायालयात आल्यावर २०२२ मध्ये त्यांनी असहमती नोंदवली, ती हवाई दलातल्या एका माजी सैनिकाचं प्रकरण न्यायालयाने ऐकायलाच नकार दिला म्हणून. हा माणूस अपंगत्वाचा भत्ता घेत होता. मध्यंतरी पुन्हा सेवेत गेला, म्हणून भत्ता थांबला. सेवा संपल्यावर त्याने अर्ज उशिरा केला, तर खात्याने स्वतःच्या नियमावर बोट ठेवून मधल्या वर्षांचे पैसे नाकारले. गॉर्सच यांचं म्हणणं असं, की बड्या कंपन्या नियम घडतानाच दारात उभ्या असतात, अर्थ बदलला तर त्यांच्याकडे वकिलांची फौज असते. खात्याच्या लहरीखाली भरडला जातो तो हा असा माणूस.

शेवटी शेव्हरॉन बुडालं ते मासेमारीच्या बोटींपायी. हेरिंग हा आपल्या तारलीच्या जातकुळीतला, थव्याने फिरणारा मासा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याची बेसुमार मासेमारी होऊ नये म्हणून बोटीवर सरकारमान्य निरीक्षक ठेवण्याची तरतूद १९७६ च्या कायद्याखाली आहे. त्याला आपल्याच बोटीवर झोपायला जागा द्यायची, तो जाळ्यात काय आलं ते मोजणार. इथवर मच्छीमारांची तक्रार नव्हती. पण २०२० च्या नियमाने त्याचा पगारही बोटमालकावर टाकला, दिवसाला ७१० डॉलरपर्यंत, आणि खात्याच्याच अंदाजाप्रमाणे त्याने बोटीची मिळकत २० टक्क्यांपर्यंत घटू शकत होती. कायद्यात निरीक्षकाचा खर्च बोटींकडून घेण्याची मुभा काही ठरावीक प्रकारच्या मासेमारीपुरतीच स्पष्ट दिली आहे. अटलांटिकमधलं हेरिंग त्यात नाही. बाकीच्यांबद्दल कायदा गप्प आहे. ही शांतता म्हणजे संदिग्धता, आणि संदिग्धता म्हणजे आमचा अधिकार, असं खात्याचं म्हणणं. खालच्या न्यायालयांनी ते मान्य केलं. न्यू जर्सी आणि ऱ्होड आयलंडच्या मच्छीमारांमागे सरकारी नियमनाला विरोध करणाऱ्या कोक (Koch) उद्योगसमूहाच्या वर्तुळातले वकील उभे होते, हे वर्तमानपत्रांनी तेव्हाच छापलं. ते खरंच होतं. पण त्याने ७१० डॉलरचा प्रश्न खोटा ठरत नाही.

सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालाचा कणा म्हणजे १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा. रूझवेल्ट यांच्या काळात खात्यांचं जाळं फोफावलं, त्यावरून दहा वर्षं रणकंदन झालं आणि त्यातून निघालेली तडजोड म्हणजे हा कायदा. त्याचं कलम ७०६ सांगतं, की कायद्याचे सर्व संबंधित प्रश्न न्यायालयाने ठरवायचे. खात्याने काढलेल्या वस्तुस्थितीच्या निष्कर्षांना मान देण्याची सोय तिथे आहे, कायद्याच्या अर्थाबाबत तसं काही नाही. शेव्हरॉनच्या निकालात या कलमाचा उल्लेखही नव्हता. मला इथे उजव्यांची बाजू उजवी वाटते. न्यायमूर्ती एलेना केगन यांची असहमती झणझणीत आहे, पण तिचा जोर या कलमापेक्षा व्यवहारावर जास्त आहे. एखाद्या पॉलिमरला 'प्रथिन' कधी म्हणायचं, वॉशिंग्टन राज्यातल्या करड्या खारी हा वेगळा समूह धरायचा की नाही, हे न्यायाधीश ठरवणार का, असं त्या विचारतात. प्रश्न बोचरा आहे, आणि नशिबाने त्याला आदल्याच दिवशी दाखला मिळाला होता. पर्यावरण खात्याच्या एका निकालात गॉर्सच यांनी धुरक्याला कारण होणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडच्या जागी चक्क नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्याकडचा हसवणारा वायू लिहिला. एकदा नव्हे, पाचदा. नंतर दुरुस्ती झाली. तरीही याने केगन यांचा मुद्दा पुरता सिद्ध होत नाही. खात्यातल्या रसायनशास्त्रज्ञाने न्यायालयाला समजावून सांगावं आणि पटलं तर न्यायालयाने ऐकावं, ही १९४४ पासूनची रीत रॉबर्ट्स यांनी कायम ठेवली आहे. शिवाय हेरिंगच्या बोटीवरच्या पगाराचा प्रश्न सोडवायला कुठलंच शास्त्र लागत नव्हतं.

खरी अडचण पुढे आहे. खात्यांकडून काढून घेतलेला अधिकार जातो कुठे? उजवे सांगतात, काँग्रेसकडे: खात्यांच्या कुबड्या गेल्या की लोकप्रतिनिधी नीट, स्पष्ट कायदे करू लागतील. याला पुरावा काय? हवेच्या प्रदूषणाचा कायदा शेवटचा मुळापासून हलला १९९० मध्ये. कायदेशीर स्थलांतराच्या व्यवस्थेची शेवटची मोठी फेररचनाही १९९० चीच. तेव्हापासून पुण्या-मुंबईतून एच-१बी व्हिसावर गेलेल्या हजारो घरांचं आयुष्य कायद्यापेक्षा खात्याच्या नियमांवर चाललं आहे. जोडीदाराला नोकरीची परवानगी देणारा २०१५ चा नियम काँग्रेसने केलेला नाही, अंतर्गत सुरक्षा खात्याने केला. त्याविरुद्ध अमेरिकी तंत्रज्ञांच्या एका संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि शेव्हरॉन पडल्यावर त्याचाही आधार घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम टिकवला, कारण आपला आधीचा निकाल शेव्हरॉनवर उभा नव्हता असं त्याला दिसलं. इतक्या घरांचं भवितव्य तीन न्यायाधीशांच्या वाचनावर ठरलं आणि काँग्रेस या सगळ्यात कुठेच नव्हती. इंटरनेटच्या बाबतीतही जानेवारी २०२५ मध्ये शेवटचा शब्द अपील न्यायालयाचाच ठरला. म्हणजे १९८४ मध्ये ज्यांना आवरायचं म्हणून उजव्यांनी शेव्हरॉनला कवटाळलं, त्याच न्यायाधीशांकडे किल्ल्या परत आल्या आहेत. आता त्यांतले बरेच आपले आहेत, एवढाच दिलासा.

हे उजव्यांतल्या सगळ्यांना दिसत नाही असं मुळीच नाही. हार्वर्डचे एड्रियन व्हर्म्यूल कट्टर परंपरावादी आहेत. तरी आधुनिक राज्य खात्यांशिवाय चालणार नाही आणि न्यायाधीशांनी त्यात फार लुडबुड करू नये, असं ते मांडत आले आहेत. उलट टोकाला कोलंबियाचे फिलिप हॅम्बर्गर. त्यांनी २०१४ च्या ग्रंथात आजच्या खात्यांची तुलना थेट सतराव्या शतकातल्या इंग्लिश राजांच्या मनमानी अधिकाराशी केली. लोपर ब्राइटमध्ये, म्हणजे २०२४ च्या या निकालात, हॅम्बर्गर यांची सरशी झाली असं वाटलं होतं.

त्यानंतर वर्षही उलटलं नाही तोच अध्यक्ष ट्रम्प यांनी ९ एप्रिल २०२५ रोजी सर्व खात्यांना एक आदेश धाडला. लोपर ब्राइटसह सर्वोच्च न्यायालयाच्या दहा निकालांची यादी देऊन त्यात म्हटलं होतं, की या निकालांत न बसणारे आपापले नियम खात्यांनी शोधावेत आणि रद्द करावेत. एवढ्यावर भागलं असतं, तर उजव्यांच्या युक्तिवादाशी ते जुळलंच असतं. पण एखादा नियम रद्द करायचा तर मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि ती पायरी सबळ कारणाच्या अपवादाखाली शक्य तिथे गाळावी, असंही आदेशात होतं. ही पायरी १९४६ च्या त्याच कायद्यात आहे, कलम ५५३ मध्ये. मच्छीमारांसाठी कलम ७०६ अक्षरशः वाचणाऱ्या सहा न्यायमूर्तींपुढे असा हरकतींविना रद्द केलेला एखादा नियम येईल, तेव्हा ते कलम ५५३ सुद्धा तितक्याच काटेकोरपणे वाचतात का, ते बघायचं आहे.