गाडीला एका तुकड्याचा अ‍ॅल्युमिनियम शाफ्ट टाकायचाय? आधी फोनने थरथर मोजा

मागच्या पावसाळ्यानंतर बाबांच्या गाडीने एक नवीन खोड काढली. साठपर्यंत एकदम मऊ चालायची, आणि सत्तरच्या आसपास गेली की पायाखालचा पत्रा व्हायब्रेट मोडवर ठेवलेल्या फोनसारखा गुणगुणायचा. ऐंशीच्या पुढे थोडं कमी. गाडी सात सीटर, डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी, बारा वर्षं जुनी. महिनाभर आधीच एका गॅरेजमध्ये तिच्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले होते.

त्यात माझ्या मामेभावाने एक रील पाठवलं. नारिंगी मस्टँग, खाली चकचकीत पांढरा पाइप, आणि वर मजकूर की दोन तुकड्यांचा स्टीलचा शाफ्ट काढून एका तुकड्याचा अ‍ॅल्युमिनियमचा टाका, थरथर गायब आणि पिकअप डबल. "ताई, बाबांच्या गाडीला हेच करू," असं म्हणून तो थांबला नाही, एका मॉडिफिकेशनवाल्याकडून बेचाळीस हजारांचा भावही काढून आणला. बाबा अ‍ॅडव्हान्स द्यायला निघाले होते. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची (आपल्याकडे हे किती कॉमन आहे ते तुम्हाला माहीतच आहे), म्हणून म्हटलं, दोन रविवार थांबा.

हा शाफ्ट करतो काय?

आम्ही राहतो उरणजवळच्या मोऱ्याला. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचने कधी आला असाल तर प्रोपेलर शाफ्ट तुमच्या पायाखालीच होता. लाँचचं इंजिन आत, पंखा मागे पाण्यात, आणि दोघांना जोडणारा लांब फिरता दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गाडीत पंखा नसतो, तरी नाव तेच राहिलंय. पुढे इंजिन आणि गिअरबॉक्स, मागे डिफरन्शियल (गॅरेजमध्ये त्याला हाऊसिंग म्हणतात), आणि मधला पाइप गिअरबॉक्सची फिरकी मागे पोचवतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक हॅचबॅकमध्ये हा लांब पाइप नसतोच, त्यामुळे तुमची गाडी तशी असेल तर हा लेख फक्त माहिती म्हणून वाचा.

लाँचचा दांडा एका सरळ रेषेत बसवलेला असतो. गाडीत मात्र खड्डा आला की मागचा अ‍ॅक्सल वरखाली होतो, म्हणजे शाफ्टचा कोनही बदलतो आणि लांबीही. कोनासाठी दोन्ही टोकांना क्रॉस असतात, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. लांबीसाठी एक सरकता जोड असतो. त्यावर दाते असतात आणि एक भाग दुसऱ्यात आतबाहेर सरकतो. हा सरकता जोड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कंपनीने दोन तुकडे का केले?

पैसे वाचवायला नाही. दोन तुकडे म्हणजे एक जास्तीचा क्रॉस आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग, म्हणजे खर्च उलट वाढतो.

दोरीवरच्या उड्या आठवा. दोरी हळू फिरवली तर लोंबते, ठरावीक वेग आला की मस्त कमान धरते. लांब पाइपचंही तसंच होतं. एका वेगाला तो स्वतःच्याच वजनाने मधून बाहेर फुगायला बघतो. याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. त्या वेगाला पाइप हलतो, आवाज करतो, आणि तिथेच चालवत राहिलात तर वाकतो किंवा तुटतो. हा वेग लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतो. लांबी अर्धी केली की क्रिटिकल स्पीड दुप्पट नाही, चौपट होतो. मध्ये बेअरिंग टाकून दोन तुकडे करण्याचं मुख्य कारण हेच.

आमच्या गाडीखाली टेप लावून मोजलं. पुढच्या क्रॉसपासून मागच्या क्रॉसपर्यंत साधारण १.५ मीटर, पाइप ६३.५ मिमी जाड, पत्रा २ मिमी धरला. पुस्तकी सूत्राने असा १.५ मीटरचा सलग स्टील पाइप मिनिटाला सुमारे ४७०० फेऱ्यांना क्रिटिकल होतो. पाऊण मीटरचे दोन तुकडे केले की तोच आकडा १८,८०० च्या पुढे.

आता गाडीला लागतात किती? टायरवर खडूची खूण करून गाडी ढकलली तर एका फेरीत २.२ मीटर गेली. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ च्या जवळ, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या चार. १०० किमी वेगाला शाफ्ट मिनिटाला साधारण ३००० फेऱ्या घेतो, १४० ला ४२००. सूत्र दोन्ही टोकं अगदी घट्ट धरलेली आहेत असं मानतं. खरं तर गिअरबॉक्सचं शेपूटही हलतं आणि माउंटिंगचं रबरही, म्हणून निदान पाव भाग कमी धरायचा. म्हणजे सलग स्टील पाइप ११५ किमीच्या आसपासच धोक्याच्या दारात. कंपनीने दोन तुकडे का केले ते इथे कळतं.

अ‍ॅल्युमिनियमची जादू नेमकी कुठे आहे?

रील बनवणारे हे सांगत नाहीत, आणि मलाही गणित करताना आश्चर्य वाटलं. क्रिटिकल स्पीडसाठी धातू नुसता हलका असून चालत नाही, तो वजनाच्या मानाने किती कडक आहे ते बघावं लागतं. स्टीलचा कडकपणा साधारण २१० गिगापास्कल आणि घनता ७८५०. अ‍ॅल्युमिनियमचा कडकपणा ६९, घनता २७००. भागाकार करून बघा, दोन्ही जवळजवळ सारखेच येतात. अ‍ॅल्युमिनियम तिपटीने हलकं आहे, पण तेवढंच लवचीकही आहे. त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप टाकला तर क्रिटिकल स्पीड ४७०० वरून ४६०० होतो, म्हणजे किंचित कमीच!

मग लोक टाकतात तरी कशाला? फायदा जाडीमुळे होतो. धातू हलका असल्यामुळे वजन न वाढवता पाइपचा व्यास वाढवता येतो, आणि व्यास वाढला की क्रिटिकल स्पीड त्याच प्रमाणात वाढतो. ८९ मिमी व्यास आणि ३ मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियम पाइप त्याच १.५ मीटरला सुमारे ६४०० फेऱ्यांपर्यंत जातो. पाव भाग सोडला तरी ४८००, म्हणजे आमच्या गाडीला दीडशेच्या पुढे. हिशोबात बसतं. कार्बन फायबर मात्र वजनाच्या मानाने खरोखर जास्त कडक असतं, म्हणून रेसिंगमध्ये ते वापरतात. आपला विषय नाही.

वजनाचंही बघू. माझ्या मापाच्या स्टील पाइपचं वजन साडेचार किलो, जाड अ‍ॅल्युमिनियमचं सव्वातीन. सेंटर बेअरिंग आणि मधला क्रॉस गेला की अजून काही किलो वाचतात. २००५ ते २०१४ च्या मस्टँगमध्ये कंपनीचा दोन तुकड्यांचा स्टील शाफ्ट चांगलाच जड होता, म्हणून तिकडे ही अपग्रेड एवढी चालली.

पण पिकअप डबल? नाही. फिरणाऱ्या वस्तूला वेग द्यायला किती जोर लागतो ते वजनाबरोबरच वजन मध्यापासून किती लांब आहे यावर ठरतं. आपण वजन कमी केलं खरं, पण पाइप जाड करून ते बाहेर नेलं. हिशोब केला तर जाड अ‍ॅल्युमिनियम पाइपचं जडत्व बारीक स्टील पाइपपेक्षा जास्तच निघतं. आणि चार चाकांच्या जडत्वापुढे हे दोन्ही आकडे चिल्लर आहेत. मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो पाच मिनिटं माझ्याशी बोलला नाही.

मग थरथर कशाची होती? फोनला विचारलं

तुमच्या फोनमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर असतो. स्क्रीन आडवी होते ती त्याच्यामुळे. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे (शोधताना पी-एच-वाय-पी-एच-ओ-एक्स असं टाका). त्यात 'अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम' उघडा. कंपनात कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत याचा आलेख मिळतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर सेन्सर सेकंदाला २०० वेळा मोजतो, म्हणजे १०० हर्ट्झपर्यंतचं दिसतं. आपल्याला तेवढं पुरतं.

आमच्या गाडीचं गणित ७० किमीला असं:

चाक सेकंदाला ९ फेऱ्या, म्हणजे टायर किंवा रिमचा दोष ९ हर्ट्झला दिसणार. शाफ्ट त्याच्या चौपट, म्हणजे पाइपचं बॅलन्स बिघडलं असेल तर ३५ हर्ट्झ. आणि क्रॉसच्या कोनाचा घोळ असेल तर त्याच्या दुप्पट, ७० हर्ट्झ.

दुप्पट का? क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारख्या वेगाने फिरली तरी मागची बाजू प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. दहा अंशाच्या कोनाला हा फरक दोन्हीकडे दीड टक्का असतो. दुसरा क्रॉस हाच फरक उलटा करून मिटवतो, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. ते थोडे जरी फिरलेले असले तरी फरक मिटत नाही आणि थरथर होऊन सीटखाली येते.

एक अडचण होती. चौथ्या गिअरला इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, आणि चार सिलिंडरचं इंजिनही फेरीला दोनदा ठोकतं. म्हणजे इंजिनही ७० हर्ट्झलाच! म्हणून तोच वेग पाचव्या गिअरलाही धरायचा. तिथे इंजिन हळू होतं, त्याचं शिखर खाली सरकतं, शाफ्टचं जागच्या जागी राहतं.

जेएनपीटीच्या रस्त्यावर कंटेनर ट्रेलरमध्ये एकसारखा ७० धरणं म्हणजे स्वप्नच. रविवारी पहाटे अटल सेतूवर गेलो, टोल भरून प्रयोग! बाबा गाडी चालवत होते, फोन माझ्याकडे. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, हे लिहायला नको पण लिहिते. फोन हातात किंवा सीटवर नको, फोम सगळं पिऊन टाकतो. मी तो सेंटर बेअरिंगच्या वरच्या पत्र्यावर दुहेरी टेपने चिकटवला आणि वेग काट्यावरून न घेता दुसऱ्या फोनच्या जीपीएसवर बघितला.

चौथा गिअर, ७० किमी: ७० हर्ट्झला उंच शिखर. पाचवा गिअर, ७० किमी: इंजिनचं शिखर ५६ ला गेलं आणि ७० चं तिथेच उभं. ३५ ला लहानसा उंचवटा, ९ ला अजून एक.

म्हणजे पाइप बरा होता. बिघाड होता तो जोडणीत.

गाडीखाली

ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी वर घेतली. सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर जुन्या खुणा होत्या, तेल-मातीत बुजलेल्या. पुसल्या तर दिसलं की त्या समोरासमोर नाहीत, दोन-तीन दाते सरकलेल्या आहेत. क्रॉस बदलताना जोड बाहेर काढला असणार आणि परत घालताना खूण बघितली नसणार. मिस्त्रींनी जोड ओढला, खुणा जुळवून परत घातला. सेंटर बेअरिंगच्या रबराला चिरा होत्या, तेही बदललं. बेअरिंग आणि मजुरी धरून खर्च अडीच हजारांच्या आत.

त्या एका तुकड्याच्या शाफ्टने थरथर गेली असती का? बहुतेक गेली असती, कारण जोडणी नव्याने झाली असती! आणि आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो असतो की अ‍ॅल्युमिनियम भारी.

तरीही टाकायचाच असेल तर

ज्याची गाडी खरंच ट्रॅकवर जाते, किंवा जिचं सेंटर बेअरिंग सारखं जातं, त्याने जरूर विचार करावा. पण बनवणाऱ्याला आधी तीन आकडे विचारा: पाइपचा बाहेरचा व्यास, जाडी आणि क्रिटिकल स्पीड. तिसरा आकडा त्याला सांगता आला नाही तर तिथून निघा. वेल्डिंगनंतर डायनॅमिक बॅलन्सिंग केलं का, हेही विचारा. वेल्डच्या उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमची ताकद तिथेच बरीच कमी होते, त्यामुळे हे काम ग्रिल बनवणाऱ्या वेल्डरचं नाही. जाड पाइप सायलेन्सरला, हँडब्रेकच्या केबलला आणि गाडी भरलेली असताना वरच्या पत्र्याला घासत नाही ना ते बघा. पुढचा क्रॉस तुटला तर पाइप खाली पडून रस्त्यात रुततो आणि गाडी मागून उचलली जाऊ शकते. म्हणून पुढच्या टोकाभोवती सुरक्षा कडी लावून घ्या.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी अजून एक. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना लागून असतील आणि वर खारं पाणी आलं, तर त्यातलं अ‍ॅल्युमिनियम झिजतं. आमच्याकडे खिडकीच्या स्लायडिंगवरही पांढरी भुकटी येते, गाडीखाली तर दगड आणि चिखलही असतो. दर सर्व्हिसला ते जोड तपासावे लागतील.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीवर शाफ्टची नोंद नसते, तरी विमा कंपनीला आधी लेखी विचारलेलं बरं.

पुढच्या रविवारी परत सेतूवर गेलो. ७० चं शिखर आजूबाजूच्या गवतात मिसळून गेलं होतं. ३५ चा उंचवटा अजून लहान झाला होता. ९ चा मात्र तसाच होता, तो मागच्या डाव्या टायरचा आहे असं मिस्त्रींचं म्हणणं. बाबांनी आलेख बघितला आणि विचारलं, "मग आता टायर बदलू?" मामेभावाने लगेच फोन काढला, अलॉय व्हीलचं रील दाखवायला.