बव्हेरियाचा ड्यूक टासिलो

‘ड्यूक’ हा शब्द कानी पडताच इंग्लंडमधील उमराव डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु या पदाचे मूळ उमरावकीत नसून सेनापतित्वात आहे. लॅटिन भाषेत ‘दुक्स’ म्हणजे सैन्याचा नायक. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सरहद्दीवरील फौजांच्या अधिपतीस ही संज्ञा होती. फ्रँक राजांनी गॉल देश व्यापिला, तेव्हा इतर अनेक रोमन संज्ञांबरोबर त्यांनी हीही उचलली. काउंट हा बहुधा एखादे नगर व त्याचा परिसर यांचा कारभार पाही. ड्यूककडे असे अनेक प्रदेश सोपविलेले असत आणि युद्धप्रसंगी तेथील सैन्य एकत्र करून चालविणे हे त्याचे मुख्य कर्तव्य असे. राजाने नेमावे आणि राजानेच काढावे, असा हा अधिकार होता.

राज्याच्या कडेला असलेल्या अलेमानिया, आक्विटेन, बव्हेरिया या प्रांतांत मात्र निराळे घडले. सातव्या शतकात मेरोव्हिंजियन राजांची सत्ता क्षीण होत गेली आणि तेथील ड्यूक पिढीजात राज्यकर्त्यांप्रमाणे वागू लागले. बव्हेरियाच्या जुन्या कायदेसंहितेत तर ड्यूक नेहमी आगिलोल्फिंग कुळातीलच असावा असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच संहितेत ड्यूकने राजाशी एकनिष्ठ असावे हेही सांगितले आहे. राजाचा अधिकार मोठा की कुळाचा हक्क मोठा, हा पुढील कलहाचा प्रश्न येथेच दडलेला होता.

टासिलो तिसरा हा या कुळातील शेवटचा ड्यूक. त्याची आई हिल्ट्रूड ही चार्ल्स मार्टेलची कन्या. म्हणजे शार्लमेन हा त्याचा सख्खा मामेभाऊ. इ. स. ७४८ मध्ये पिता ओडिलो वारला, तेव्हा टासिलो सात-आठ वर्षांचा होता. मामा पिपिन याने त्याला गादीवर बसविले. वयात आल्यावर त्याने लाँबर्ड राजा देसिदेरियस याची कन्या लिउटपिर्क हिच्याशी विवाह केला, मठ स्थापिले, धर्मसभा भरविल्या. एका सार्वभौम राजास शोभेल असाच त्याचा कारभार होता.

इ. स. ७७४ मध्ये शार्लमेनने लाँबर्ड राज्य जिंकले आणि टासिलोचा मोठा आधार तुटला. इ. स. ७८७ मध्ये त्याने पोपकडे मध्यस्थीची याचना केली. पोपने उलट त्यालाच बहिष्काराचा धाक घातला. त्याच वर्षी तीन दिशांनी तीन सैन्ये बव्हेरियावर चालून आली. टासिलो न लढताच शरण गेला. पुढील वर्षी इंगेलहाइम येथील दरबारात त्याच्यावर आवार लोकांशी संगनमत केल्याचा आरोप आला आणि खुद्द बव्हेरियन सरदारांनीच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. शिवाय इ. स. ७६३ च्या आक्विटेन मोहिमेत तो पिपिनचे सैन्य सोडून निघून गेला होता, हा पंचवीस वर्षांपूर्वीचा अपराधही उकरून काढण्यात आला. देहान्ताची शिक्षा झाली. शार्लमेनने ती बदलून त्याला मठात धाडले. बायकामुलांचीही तीच गत झाली.

टासिलोने इ. स. ७५७ मध्ये पिपिनपुढे मांडलिकत्वाची शपथ वाहिली होती, असे फ्रँक राजवृत्तात नमूद आहे. परंतु हे वृत्त त्याच्या पतनानंतर, विजेत्यांच्या दरबारी छायेत लिहिले गेले. म्हणून त्या शपथेच्या वर्णनाविषयी आधुनिक इतिहासकारांस दाट शंका वाटते. इतके करूनही शार्लमेनची चिंता मिटली नव्हती. इ. स. ७९४ मध्ये टासिलोला मठातून फ्रँकफुर्टच्या धर्मसभेत आणून स्वतःचे व वंशजांचे सर्व हक्क सोडल्याचे त्याच्याकडून वदवून घेण्यात आले आणि त्या लेखाच्या तीन प्रती करविण्यात आल्या. केवळ नेमलेल्या अधिकाऱ्यास काढण्यासाठी एवढा खटाटोप लागत नाही.

त्यानंतर बव्हेरियावर शार्लमेनचा मेहुणा गेरोल्ड याची नेमणूक झाली. तथापि, दहाव्या शतकाच्या आरंभी राजसत्ता दुबळी होताच आणि मग्यारांच्या स्वाऱ्या सुरू होताच बव्हेरियात पुन्हा ड्यूक उदयास आले. टासिलोने इ. स. ७७७ मध्ये स्थापिलेल्या क्रेम्सम्युन्स्टर मठात त्याच्या नावाचा तांब्याचा, सोन्याचा मुलामा दिलेला चषक आजही जपून ठेवलेला आहे. त्यावर ‘पराक्रमी ड्यूक’ टासिलो आणि राजकुलोत्पन्न लिउटपिर्क अशी दोघांची नावे कोरलेली आहेत. फ्रँक राजाचा मात्र तेथे उल्लेखही नाही.