तीन मिनिटांचे काम दहा मिनिटे का?

समजा, फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवलेले अर्धा किलो सुरमईचे तुकडे आपल्याला कालवणासाठी वितळवावयाचे आहेत. त्यासाठी किती उष्णता लागेल? हा हिशेब नववीचा विद्यार्थीही करू शकेल. माशात ढोबळमानाने सत्तर टक्के पाणी असते, म्हणजे येथे ३५० ग्रॅम. बर्फाचा वितळणाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ८० कॅलरी. तेव्हा नुसते बर्फ वितळण्यास २८,००० कॅलरी लागतील. उणे १८ पासून शून्यापर्यंत येण्यास आणखी साडेचार हजार धरा. एकूण झाल्या ३२,५०० कॅलरी, म्हणजे सुमारे १,३६,००० ज्यूल. आपला मायक्रोवेव्ह ओव्हन पदार्थाला ७०० वॅट, म्हणजे सेकंदाला ७०० ज्यूल देत असेल, तर भागाकार करून पाहा. सव्वातीन मिनिटांच्या आत काम व्हावयास हवे.

प्रत्यक्षात ओव्हनवरील ‘डीफ्रॉस्ट’चे बटण दाबले तर तो दहा-अकरा मिनिटे घेतो. शिवाय मध्येच थांबून तुकडे उलटे करा, आणि शेवटी काही मिनिटे तसेच राहू द्या, असे सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. मग हा सारा वेळ वायाच जातो की काय? घाई करून पूर्ण शक्तीवर तीन मिनिटे ओव्हन चालविला, तर उत्तर लगेच मिळते. तुकड्यांच्या कडा शिजून पांढऱ्या पडतात आणि मधला भाग दगडासारखा घट्टच राहतो. उष्णता हिशेबाप्रमाणेच दिली गेली, पण ती पोहोचली भलतीकडे. हे असे का होते हे समजले, की ओव्हन वापरताना घ्यावयाच्या बहुतेक काळज्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पाणी आणि बर्फ

मायक्रोवेव्ह किंवा सूक्ष्मलहरी या प्रकाशासारख्याच विद्युत्-चुंबकीय लहरी होत. घरगुती ओव्हनमध्ये त्यांची कंप्रता २४५० मेगाहर्ट्झ आणि तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असते. त्या निर्माण करणाऱ्या नळीला मॅग्नेट्रॉन म्हणतात. रडारसाठी उपयोगी पडेल असा शक्तिशाली मॅग्नेट्रॉन १९४० मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी बनविला. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये याच नळीने अन्न गरम करण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. पहिले ओव्हन माणसाच्या उंचीचे होते. ओट्यावर मावणारे घरगुती यंत्र १९६७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले.

पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन व दुसरे किंचित ऋण असते. बदलत्या विद्युत्-क्षेत्रात हा रेणू क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतो. पण क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा आवर्तन करीत असते आणि शेजारच्या रेणूंच्या गर्दीतून वळताना प्रत्येक रेणू थोडा मागे पडतो. या ओढाताणीत लहरींची ऊर्जा उष्णतेत बदलते. अन्नातील मिठाचे आयनही असेच पुढे-मागे ढकलले जातात आणि उष्णतेत भर घालतात. (२४५० मेगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूच्या अनुनादाची कंप्रता आहे असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते चूक आहे. द्रवरूप पाण्याचे शोषण याच्या कितीतरी वरच्या कंप्रतेला सर्वाधिक असते. ओव्हनसाठी ती निवडली असती, तर लहरी पदार्थाच्या पृष्ठभागावरच संपल्या असत्या.)

बर्फात मात्र हेच रेणू स्फटिकाच्या जाळीत जखडलेले असतात. क्षेत्राबरोबर वळण्यास त्यांना मोकळीकच नसते. त्यामुळे या कंप्रतेला शुद्ध बर्फ पाण्याच्या मानाने हजारो पटींनी कमी ऊर्जा शोषते. सूक्ष्मलहरींना बर्फ जवळजवळ काचेसारखे पारदर्शक असते म्हणा ना! हे पाहणे सोपे आहे. एका कपात पाणी आणि तशाच दुसऱ्या कपात फ्रीझरमधून नुकताच काढून फडक्याने कोरडा पुसलेला बर्फ घ्या. दोन्ही कप एकदमच ओव्हनमध्ये ठेवून तीस सेकंद चालवा. पाणी चांगले कढत होईल, पण बर्फ बहुतेक जसाच्या तसा राहील. बर्फ एकटा ठेवू नका. लहरी शोषणारे काहीच आत नसेल, तर त्या परावर्तित होऊन मॅग्नेट्रॉनकडे परततात आणि तो तापतो. रिकामा ओव्हन चालवू नये म्हणतात ते याच कारणाने.

आता आपल्या सुरमईकडे वळू. माशातील पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने उणे १८ अंशालाही त्यातले थोडे पाणी द्रवरूपच असते. तेवढ्यावर लहरींचे काम सुरू होते. कडेचा, बारीक टोकाचा एखादा भाग प्रथम वितळतो. वितळला रे वितळला की तो शेजारच्या गोठलेल्या भागापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा शोषू लागतो. अधिक शोषतो म्हणून अधिक तापतो, आणि तापला की शेजाऱ्याच्या वाट्याला फारसे काही येऊ देत नाही. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळावे, असा हा प्रकार आहे. शिवाय ओल्या अन्नात या लहरी दोन-तीन सेंटिमीटर शिरेपर्यंतच बऱ्याच क्षीण होतात. तेव्हा ‘मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ आतून बाहेर शिजतो’ हे जे ठासून सांगितले जाते, त्यात तथ्य नाही. जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता जाते ती साध्या वहनानेच.

वहनाला वेळ लागतो, आणि डीफ्रॉस्टचे बटण नेमका तो वेळ देते. पुष्कळ ओव्हनमध्ये या वेळी मॅग्नेट्रॉन काही सेकंद चालतो आणि त्याच्या दुपटीहून जास्त वेळ बंद राहतो. कान देऊन ऐकले तर आवाजातला फरक कळतो. सरासरी शक्ती साधारण तीस टक्क्यांवर, म्हणजे आपल्या उदाहरणात २१० वॅटवर येते. १,३६,००० ला २१० ने भागा. पावणेअकरा मिनिटे! उष्णता तेवढीच, पण कडेची उष्णता आत झिरपण्यास मध्ये मध्ये उसंत मिळते. येथे निसर्ग थोडी मदतही करतो. बर्फाची उष्णतावाहकता पाण्याच्या तिपटीहून अधिक असल्याने गोठलेल्या गाभ्यात शिरलेली उष्णता लवकर पसरते. अडथळा असतो तो बाहेरच्या वितळलेल्या थराचा.

यावरून काय करावे ते आपोआप सुचते. फ्रीझरमध्ये ठेवतानाच पदार्थाचा गोळा न करता चपटा थर करावा. खोवलेल्या नारळाचा मोठा गोळा ठेवला, तर वितळताना त्याच्या कडांना तेल सुटते आणि मधोमध बर्फ राहतो. तोच नारळ एक-दीड सेंटिमीटर जाडीची वडी करून ठेवला, तर हा त्रास होत नाही. वितळताना साचलेले पाणी काढून टाकावे, कारण लहरी आधी तेच शोषतात. सुटे झालेले तुकडे बाजूला घ्यावेत. शेवटचा थोडासा बर्फ मात्र ओव्हन बंद करून वितळू द्यावा.

मांसमच्छी अशी वितळवली की लगेच शिजवावी, पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून देऊ नये. कडांचे तापमान एव्हाना ३०-४० अंशांवर गेलेले असते. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान रोगजंतूंची वाढ होऊ शकते, आणि ३०-४० अंश तर त्यांना फारच मानवतात.

गरम म्हणजे किती गरम?

शिळे अन्न गरम करताना धोका उलट बाजूने येतो. येथे थंड राहिलेला भाग घातक. ओव्हनच्या धातूच्या भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळून स्थिर लहरी बनतात. काही जागी क्षेत्र जोरकस, तर तेथून थोड्याच अंतरावर जवळजवळ शून्य. थाळी फिरते ती यासाठीच, पण तिच्याने हा दोष पुरता जात नाही. आमटीची कड उकळत असताना मधली आमटी कोमट असू शकते. म्हणून अर्ध्या वेळाने ढवळावे, झाकण सैल ठेवावे म्हणजे वाफेने वरचा भागही तापतो, आणि नंतर दोन मिनिटे थांबावे. अन्न सर्वत्र ७४ अंशांपर्यंत तापले की बहुतेक रोगजंतू मरतात. शिजवण्याचा तापमापक असल्यास तो पदार्थाच्या मध्यभागी खुपसून पाहावा. बाळाच्या दुधाच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. बाटली हाताला कोमट लागते, पण आतले वरचे दूध पोळण्याइतके गरम असते. दूध हलवून, मनगटावर थेंब टाकून पाहिल्याशिवाय बाळाला देऊ नये. आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल, तर तो कितीही गरम करून उपयोग नाही. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष उकळत्या तापमानालाही टिकते.

पाण्याचा एक धोका भौतिकीच्या विद्यार्थ्यांनी तरी जाणलाच पाहिजे. चुलीवर पातेल्याचा तळ सर्वांत गरम असतो, आणि त्यावरील ओरखड्यांत अडकलेल्या हवेभोवती वाफेचे बुडबुडे तयार होतात. ओव्हनमध्ये पाणी स्वतःच तापते आणि कप त्यामानाने थंड राहतो. कप गुळगुळीत असेल, तर बुडबुड्याला जन्म घेण्यास जागाच सापडत नाही. मग पाणी न उकळता १०० अंशांच्या वर जाते. वरून ते अगदी शांत दिसते. त्यात चहाची पूड किंवा साखर टाकली, किंवा कप नुसता हलला, की क्षणात वाफ होऊन पाणी उसळते आणि तोंड-हात भाजतात. पाणी तापवताना कपात लाकडी चमचा ठेवावा, वेळ बेताचा लावावा, आणि ओव्हन बंद झाल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच कप बाहेर काढावा. सालासकट बटाटा टोचे मारल्याशिवाय आणि कवचासकट अंडे मुळीच ठेवू नये. आतली वाफ कोंडते आणि त्यांचा स्फोट होतो.

जोड-ओव्हनची गोष्ट

आता दुकानांत ‘कन्व्हेक्शन’ म्हणून मिळणाऱ्या ओव्हनमध्ये सूक्ष्मलहरींखेरीज तापणारी तार आणि गरम हवा खेळवणारा पंखा असतो. वर भाजणीसाठी ग्रिलही असते. एकाच पेटीत दोन अगदी वेगळ्या भट्ट्या नांदत असतात, आणि घोटाळा होतो तो भांड्यांचा. सूक्ष्मलहरींना चालणारा प्लॅस्टिकचा डबा २०० अंशांच्या गरम हवेत वितळतो. गरम हवेत चालणारा केकचा पत्र्याचा डबा सूक्ष्मलहरी परतवून लावतो, आणि त्याची कड भिंतीला टेकली तर ठिणग्या उडतात. दोन्ही प्रकार एकत्र चालवायचे असतील, तर उष्णता सोसणारे बोरोसिलिकेट काचेचे भांडे बरे. मात्र तेही फ्रीझरमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, असमान प्रसरणाने तडकते. ओव्हनसोबत आलेली तारेची जाळी पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारासाठीच वापरावी.

गोठलेले अन्न वितळवताना तार आणि ग्रिल बंदच हवेत. गरम हवा फक्त पृष्ठभाग तापवते, म्हणजे आपला मूळ दोष वाढवते. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नुकताच केक भाजून झाला असेल, तर ओव्हनच्या भिंती आणि थाळी बराच वेळ तापलेल्या राहतात. त्यात मटारची प्लॅस्टिकची पिशवी ठेवली, तर बटण डीफ्रॉस्टचे असूनही पिशवी तळाशी चिकटते. आधी ओव्हन निवू द्यावा.

ठिणग्या मुख्यतः टोकांमुळे पडतात. टोकदार किंवा पातळ कडेच्या धातूपाशी विद्युत्-क्षेत्र एकवटते. ते सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्टपर्यंत गेले की हवेतून ठिणगी उडते. म्हणून काटा, चुरगळलेला अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि सोनेरी काठाची कपबशी आत नको.

‘किरणां’ची भीती मात्र अनेकांना अकारण वाटते. या लहरींच्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एक लक्षांश इतकीच असते. रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास याच्या सुमारे दहा लाख पट ऊर्जा लागते. म्हणून अन्न किरणोत्सारी होण्याचा प्रश्नच नाही. दारातील जाळीची भोके तरंगलांबीच्या मानाने फार लहान असल्याने प्रकाश बाहेर येतो, पण या लहरी जवळजवळ येतच नाहीत. परंतु दार वाकले असेल, त्याची पट्टी जळली असेल किंवा दार उघडूनही ओव्हन चालू राहत असेल, तर तो वापरू नये आणि घरी खोलूही नये. आतील धारित्रावर ओव्हन बंद केल्यावरही प्राणघातक विद्युत्-भार शिल्लक असू शकतो.

दोन मापने मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली घरी करता येतील. एक लिटर पाण्याचे तापमान मोजून ते पूर्ण शक्तीवर एक मिनिट तापवा, ढवळा आणि पुन्हा मोजा. तापमान जितके अंश वाढेल त्याला ७० ने गुणले, की पाण्याला मिळालेली शक्ती वॅटमध्ये येते. हा आकडा पाकिटावर छापलेल्या वेळा जुळवून घेण्यास उपयोगी पडतो. दुसऱ्या मापनासाठी फिरणारी थाळी काढा, तिच्या आसाला न टेकेल असे काचेचे भांडे त्यावर उपडे घाला, आणि वर बशीत एक मोठा उडदाचा पापड ठेवा. पंधरा-वीस सेकंदांतच, काही जागी तो फुलून आला की, ओव्हन थांबवा. लगतच्या दोन फुललेल्या ठिपक्यांमधले अंतर बहुधा सहा सेंटिमीटरच्या आसपास येते. हे अर्ध्या तरंगलांबीइतके धरून दुप्पट करा आणि ओव्हनच्या मागच्या पट्टीवर लिहिलेल्या कंप्रतेने गुणा. प्रकाशाचा वेग मिळेल. पेटीतील लहरींचा नकाशा त्रिमितीय असल्याने प्रत्येक ओव्हनमध्ये ठिपके इतके नेटके पडत नाहीत. तेव्हा चार-पाच पापड भाजून सरासरी घ्यावी.