नवा कारकून आणि जुना ताळा

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, देवास या गावी आपल्यातील पुष्कळ घराण्यांचे पाऊल प्रथम पडले ते एक तर तलवारीच्या निमित्ताने, नाही तर लेखणीच्या. तलवारी गेल्या, लेखणी मात्र राहिली. संस्थानी दप्तरांतील मोडी कागदांचे रुमाल आजही त्याची साक्ष देतात. ‘कारकुनी’ हा शब्द अलीकडे काहीशा कुचेष्टेने वापरण्यात येतो. पण कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही साखळी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तुटू दिली नाही, त्यांच्या हिशेबावर राज्ये चालली हे विसरून चालणार नाही.

त्याच घराण्यांतील कित्येक जण आज नोकरीच्या पाठीस न लागता स्वतःचा लहानसा व्यवसाय चालवितात. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम, बडोद्याच्या मकरपुऱ्यात यंत्रांचे सुटे भाग, इंदुरात शेव-चिवडा. दिवस जातो मालात, कामगारांत आणि गिऱ्हाइकांत. संध्याकाळी शटर अर्धे ओढले की मग खरे ‘ऑफिस’ सुरू होते: कोटेशने, थकबाकीची स्मरणपत्रे, जीएसटीचे विवरणपत्र, आलेल्या ई-मेलना उत्तरे. मोठ्या कंपनीत या प्रत्येक कामास स्वतंत्र माणूस असतो. येथे मालक, त्याची पत्नी आणि फार तर एखादा भाचा. रात्रीचे साडेनऊ त्यांच्या टेबलावरच वाजतात.

या टेबलावर आता एक नवा कारकून येऊन बसला आहे. त्याची चौकशी करावी, म्हणून हा लेख.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, मायक्रोसॉफ्टने वर्ड, एक्सेल, आउटलुक या आपल्या नित्याच्या साधनांतच ‘कोपायलट’ नावाचा सहायक बसविण्याची घोषणा केली. प्रारंभी निदान ३०० परवाने घेणाऱ्या मोठ्या संस्थांनाच तो मिळे. जानेवारी २०२४ मध्ये ती अट उठली आणि एक परवाना घेणाऱ्या दुकानदारासही दार मोकळे झाले. गूगलने आपल्या ‘जेमिनी’ची सोय जानेवारी २०२५ पासून कार्यालयीन योजनांतच अंतर्भूत केली, अर्थात त्या योजनांचे दर वाढवून. ज्यांनी १९९७ च्या सुमाराचे ऑफिस वापरले आहे, त्यांना पडद्याच्या कोपऱ्यात डोळे मिचकावणारी ती कागदाची टाचणी स्मरत असेल. न विचारता सल्ला देणाऱ्या त्या सहायकाचा लोकांना इतका उबग आला, की २००७ च्या आवृत्तीत तिला निरोपच देण्यात आला. नव्या कारकुनाची जात निराळी आहे. तो विचारल्यावाचून सहसा बोलत नाही, आणि बोलू लागला की भाषा खरोखरच सफाईदार असते.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ उद्यमबागेत लहानसा कारखाना चालवितात. त्यांचे गिऱ्हाईक कोइमतुरात, पुण्यात आणि अहमदाबादेत. कामगारांशी ते मराठी व कानडी बोलतात. परंतु कानडी बोलणे वेगळे आणि सरकारी कानडी वाचणे वेगळे. कार्यालयातून एखादे पत्र आले की शेजारच्या दुकानातील मित्राकडे धाव घ्यावी लागे, आणि तो गावी गेलेला असला तर पत्र चार दिवस तसेच पडून राही. आता ते त्या पत्राचे छायाचित्र सहायकापुढे ठेवितात आणि आशय मराठीत समजून घेतात. जून २०२४ मध्ये जेमिनी भारतात नऊ भारतीय भाषांसह आले, त्यांत मराठी, कानडी, गुजराती, हिंदी आणि तेलुगू या पाचही होत्या. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचा व्यवहार नेमका या भाषांच्या उंबरठ्यांवर चालतो. आमच्या मते आपल्यासारख्यांना या कारकुनाचा पहिला आणि निर्विवाद लाभ हाच होय. गृहस्थ तेवढ्यावर थांबत नाहीत हे विशेष. पत्रातील तारीख, रक्कम आणि क्रमांक ते मूळ कागदाशी ताडून पाहतात, आणि ज्या उत्तरावर सही करावयाची ते पूर्वीच्याच मित्राला एकवार वाचून दाखवितात. पूर्वी मित्राचा अर्धा तास जाई, आता पाच मिनिटे.

स्मरणपत्राचीही तीच कथा. येणे मागणे ही आपल्याकडे मोठी नाजूक कला आहे. फार मऊ लिहिले तर पैसे येत नाहीत, फार कडक लिहिले तर पुढची ऑर्डर येत नाही. या संकोचापायी मालक पत्र आठ-आठ दिवस लांबणीवर टाकतो. सहायकाला सांगावे, ‘जुने गिऱ्हाईक, तीन बिले, साठ दिवस झाले, नम्र पण स्पष्ट पत्र लिही,’ की मिनिटभरात मसुदा समोर. त्यात दोन शब्द आपले घालून तो पाठविता येतो. मात्र कायद्याचा आधार देणे असेल तर तो आपणच पुरवावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, नोंदणी झालेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, आणि तीही ४५ दिवसांहून अधिक नाही, अशा रीतीने द्यावे लागतात. मुदतीचा करारच नसेल तर मर्यादा १५ दिवसांची. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. ही माहिती आपण मसुद्यापूर्वी दिली तर पत्र भक्कम होते. न दिल्यास कारकून आपल्या मनाने एखादा आकडा दडपून देण्याची शक्यता असते, आणि तोही तितक्याच आत्मविश्वासाने.

हा आत्मविश्वास कोठून येतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. अगणित मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा अदमास बांधण्यास हे यंत्र शिकलेले असते. पत्राची भाषा ही बहुतांशी रूढीचीच असल्याने तेथे अदमास बरोबर येतो. बेरीज, तारीख, कराचा दर यांत रूढी उपयोगी नाही. तेथे एकच उत्तर खरे असते. खुद्द मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सेलच्या रकान्यातच कोपायलटला प्रश्न विचारण्याची सोय पुढे आणली, तेव्हा अचूकता आवश्यक असलेल्या आकडेमोडीसाठी ती वापरू नये, नेहमीची सूत्रेच वापरावीत, असे स्वतःच बजावले. विकणाऱ्याने आपणहून दिलेला इशारा दुर्लक्षू नये. सहायकाला ‘बेरीज करून दे’ असे न सांगता ‘बेरजेचे सूत्र लिहून दे’ असे सांगावे. मग बेरीज एक्सेल करते, आणि सूत्र आपल्याला वाचून तपासता येते.

दराचे उदाहरण तर ताजे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची रचना बदलली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले, आणि पाकीटबंद शेव-चिवड्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्या यंत्राचे वाचन त्या तारखेपूर्वी संपले, आणि जे उत्तर देताना ताजी माहिती शोधून पाहत नाही, ते इंदूरच्या आमच्या फरसाणवाल्यास बिनदिक्कत १२ टक्केच सांगेल. बिल देखणे होईल. फक्त चुकीचे होईल.

आता मुख्य प्रश्न: वेळ खरोखर किती वाचतो? ब्रिटनच्या सरकारने २०२४ च्या अखेरच्या महिन्यांत सुमारे २० हजार कर्मचाऱ्यांना कोपायलट देऊन पाहिले. दिवसाकाठी सरासरी २६ मिनिटे वाचतात, असे कर्मचाऱ्यांनी सांगितले. आकडा मोहक आहे. परंतु तो कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरचा आहे, घड्याळावरचा नव्हे. त्याच देशाच्या व्यापार खात्याने आपल्या वेगळ्या प्रयोगाचा अहवाल २०२५ साली प्रसिद्ध केला. लोक समाधानी होते, पण उत्पादकता वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. एक्सेलमधील कामे तर हळू झाली आणि दर्जाही उतरला. त्याच वर्षी अमेरिकेतील मेटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांवर एक प्रयोग केला. त्यांना वाटत होते की आपले काम २० टक्के लवकर झाले. प्रत्यक्षात त्यांना १९ टक्के वेळ अधिक लागला होता. मनाचे घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांत एवढे अंतर पडू शकते!

हे अंतर का पडते? शाळेत गुणाकार झाला की गुरुजी ‘ताळा पाहा’ म्हणत. ताळा पाहण्यास गुणाकाराहून बराच कमी वेळ लागे, म्हणूनच तो उपयोगी. नव्या कारकुनाच्या कामासही हीच कसोटी लावावी, असे आमचे मत आहे. पत्राचा मसुदा वाचून पाहण्यास दोन मिनिटे लागतात आणि लिहिण्यास वीस. तेथे अठरा मिनिटे निव्वळ नफा. लांबलचक ई-मेलांच्या मालिकेचा गोषवारा, सभेचे टिपण, मालाच्या यादीचे वर्णन, हीही त्याच जातीची कामे. आपण सभेला हजर होतो, तेव्हा टिपणातील चूक लगेच डोळ्यांत भरते. याउलट वर्षभराच्या खतावणीतून ‘कोणते गिऱ्हाईक तोट्याचे?’ हे त्याला विचारले, आणि आलेल्या उत्तराची शहानिशा करण्यास सारी खतावणीच पुन्हा चाळावी लागली, तर वेळ वाचला कोठे? आणि ताळा न पाहता तसेच पुढे पाठविले, तर जबाबदारी कारकुनाची नसते. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील सहायकाने एका प्रवाशास सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. सहायक स्वतःच्या उत्तराला स्वतः जबाबदार आहे, असा अजब युक्तिवाद कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील न्यायाधिकरणाने तो फेटाळून प्रवाशास भरपाई देवविली. कोटेशनवर सही ज्याची, शब्द त्याचा.

खर्चाविषयी थोडक्यात. लहान व्यावसायिकांस खुला झाला तेव्हा कोपायलटचा दर माणशी महिना ३० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अडीच हजार रुपयांच्या घरात होता. पुढे योजना आणि दर बदलत आले आहेत, तेव्हा घेतेवेळचा दर पाहावा. पाच जणांच्या दुकानात पाच परवाने घेण्याचे काहीच कारण नाही. पत्रे लिहिणाऱ्या एकासाठी घ्यावा, महिनाभर कोणत्या कामाला किती मिनिटे लागली हे भिंतीवरचे घड्याळ पाहून वहीत टिपावे, आणि मग ठरवावे. फुकटच्या सहायकापुढे मात्र गिऱ्हाइकांची नावे, फोन क्रमांक, बँकेचे तपशील ठेवू नयेत. आपण लिहिलेले यंत्राच्या शिक्षणासाठी वापरले जाईल की नाही, हे त्या त्या योजनेच्या अटींवर असते. व्यवसायासाठीच्या सशुल्क योजनांत सामान्यतः ते वापरले जात नाही, फुकटच्या योजनांत पुष्कळदा वापरले जाते.

भाच्याचा उल्लेख वर आला आहे, त्याच्याविषयी लिहिणे राहिले. अमेरिकेतील तीन संशोधकांनी पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवकांच्या कामाचा अभ्यास करून २०२३ साली निष्कर्ष मांडला, की असा सहायक मिळाल्यावर काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढले; नवशिक्यांचे तब्बल ३४ टक्क्यांनी, आणि जुन्याजाणत्यांचे जवळपास नाहीच. वरवर ही वार्ता आनंदाची आहे. आमच्या मनात मात्र एक शंका राहते. मुरब्बी माणसाला मसुद्यातील चूक दिसते, ती त्याने शेकडो पत्रे स्वतः लिहिली आणि खोडली म्हणून. भाच्याने पहिल्या दिवसापासून मसुदे नुसते स्वीकारलेच, तर दहा वर्षांनी ताळा पाहणार कोण?

बडोद्यातील एका दुकानात यावर मामांनी आपला उपाय काढला आहे. भाच्याने पत्र प्रथम कागदावर हाताने लिहावयाचे, मग सहायकाचा मसुदा मागवावयाचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून कोणते वाक्य का बरे ते मामांना सांगावयाचे. या रीतीत वेळ मुळीच वाचत नाही, उलट काही अधिकच जातो, आणि मामांची त्याला हरकत नाही. सहा महिन्यांत भाच्याचे इंग्रजी मामांपेक्षा सरस झाले आहे. परवा त्याने मामांच्याच पत्रातील दोन चुका काढल्या. मामांनी त्या मुकाट्याने दुरुस्त केल्या आणि पत्र पोस्टात टाकले.