बोलीआधीचे कागद

लिलाव म्हटला की यवतमाळ जिल्ह्यात आधी रेतीघाट आठवतात. घरपट्टी थकली म्हणून घराचा लिलाव होणे ही तरतूद कायद्यात जुनी आहे, पण व्यवहारात ती क्वचितच शेवटास जाते. मार्च जवळ आला की नगर परिषदेचे वसुली पथक फिरू लागते, नळ तोडले जातात, गाळ्यांना सील लागते, जप्तीचे अधिपत्र दारावर चिकटते आणि बहुतेक थकबाकीदार त्याच टप्प्यावर कुठून तरी पैसे उभे करतात. जी थोडी प्रकरणे लिलावाच्या जाहीर नोटिशीपर्यंत पोचतात, तिथे बोली लावायला माणूस मिळणे कठीण, आणि मिळालाच तरी तो घराच्या खऱ्या किमतीपासून बराच खाली थांबतो. दुसऱ्याच्या पडत्या काळात त्याच्या घरावर बोली लावणे आपल्याकडे रुचत नाही, असे याचे कारण लोक सांगतात. ते काही अंशी खरे आहे. पण माझ्या मते मोठे कारण कागदांत आहे. घेणाऱ्याच्या पदरात नक्की काय पडणार, हे नोटीस सांगत नाही. जे सांगितलेले नसते त्याची धास्ती बोलीतून वजा होते, आणि ती वजाबाकी सोसतो तो ज्याचे घर चालले आहे तो माणूस.

वसुलीची चौकट महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ ने घालून दिली आहे. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा या सगळ्या नगर परिषदा तीच वापरतात. आधी मागणीचे बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचे अधिपत्र, मग विक्री. बिल थकले की दरमहा २ टक्के शास्ती चढते. एखाद्या वर्षाचे १० हजार पाच वर्षे राहिले तर नुसती शास्ती १२ हजार होते, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त. मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरचाच बोजा असल्याने घर ज्याच्या हाती जाईल त्याच्या मागे बाकी जाते. हे सगळे कर आकारणी नोंदवहीच्या आधारावर चालते, आणि अडचण तिथेच सुरू होते. ही नोंदवही कर कोणाकडून घ्यायचा एवढ्यासाठी असते. तिच्यातले नाव मालकीचा पुरावा ठरत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तिच्यात मालकाचा रकाना वेगळा, भोगवटादाराचा वेगळा. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते तेव्हा खोल्या मोजल्या जातात, पण आजोबांचे नाव आजोबा गेल्यावरही तसेच राहते, कारण वारसांनी अर्ज दिलेला नसतो. अशा मृत माणसाच्या नावे बजावलेल्या नोटिशीवर उभी राहिलेली विक्री उद्या एखाद्या वारसाच्या अर्जावर कोसळू शकते, हे बोली लावणाऱ्याचा वकील त्याला पहिल्याच भेटीत सांगतो.

म्हणून जाणता खरेदीदार नोटीस हातात घेतो आणि भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन त्याच जागेची आखीव पत्रिका, म्हणजे नगर भूमापनातला हक्काचा उतारा, काढतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक दिसतो. नोटिशीत मालमत्ता क्रमांक, वॉर्ड, नाव, थकबाकी, सरकारी बोली आणि ‘जशी आहे, जेथे आहे’ हे शब्द. पत्रिकेच्या वरच्या पट्टीत नगर भूमापन क्रमांक, शीट क्रमांक, चौरस मीटरमधले क्षेत्र आणि धारणाधिकार. त्याखाली सुविधाधिकार, हक्काचा मूळ धारक, पट्टेदार, इतर भार, इतर शेरे. आणि मग खालचा तक्ता, जो सर्वांत सावकाश वाचायचा असतो: तारीख, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक, पट्टेदार किंवा भार, आणि शेवटी साक्षांकनाची सही. पतसंस्थेचे गहाण इथे उतरलेले असते, वाटणी इथे दिसते, आणि एखाद्या बहिणीने हक्कसोड केलेली नाही हेही तिच्या नावाच्या असण्यावरून इथेच कळते. पुढचे काम दुय्यम निबंधकाकडे. नोंदणी झालेल्या दस्तांची सूची-२ तीस वर्षे मागे जाऊन चाळायची आणि पत्रिकेत न चढलेला व्यवहार सापडतो का ते पाहायचे. मग ई-कोर्ट्सवर त्या नावांनी दावा आहे का, हा तपास. आणि सगळ्यात शेवटी पायी जाऊन चतुःसीमा पाहायच्या. कागदावर पूर्वेस रस्ता आणि जागेवर पूर्वेस शेजाऱ्याची भिंत, असे निघाले तर घरात शिरायची वाटच वादात आहे असे समजावे. ओट्यावर कोण बसले आहे, मालक की भाडेकरू, हेही त्याच फेरीत विचारून घ्यायचे, कारण भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण असलेला भाडेकरू मालक बदलला म्हणून उठत नाही.

यवतमाळात या कामाला आणखी पदर आहेत. धारणाधिकाराच्या रकान्यात ‘ब’ असले की जागेवर शासनाची अट किंवा पट्टा आहे, हस्तांतराला परवानगी लागते. विदर्भातल्या जुन्या शहरांत नझूल, म्हणजे सरकारी मालकीच्या, जागांचे पट्टे हा तर स्वतंत्र विषय आहे. मुदत संपलेली, नूतनीकरण राहिलेले, भुईभाडे थकलेले अशी प्रकरणे इतकी की नागपूर व अमरावती विभागांतल्या निवासी नझूल जमिनी फ्री होल्ड करण्यासाठी शासनाला अभय योजना आणावी लागली. घरपट्टीच्या नोंदवहीत मात्र नझूल आणि खाजगी जागा सारख्याच दिसतात. २०१६ च्या हद्दवाढीत लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, पिंपळगाव, भोसा, मोहा हा भाग यवतमाळ शहरात आला. तिथल्या घरांचा मागचा इतिहास ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आणि सातबाऱ्यावर शोधावा लागतो, अकृषक आदेश झाला होता का हे वेगळे पाहावे लागते. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या बाजूला जावे तर आदिवासी खातेदाराची जमीन आहे का हा प्रश्न सर्वांत आधी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ने अशा जमिनीचे बिगर आदिवासीकडे हस्तांतर परवानगीविना बंद केले आहे, आणि त्यात न्यायालयाच्या किंवा प्राधिकाऱ्याच्या आदेशाने होणारी विक्रीही धरली आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध यांच्या जिल्ह्यात ही तरतूद मला अत्यंत मोलाची वाटते. लिलावाच्या आडून जमीन जाण्याची वाट तिने अडवली आहे.

आता या अज्ञाताची किंमत पाहू. समजा, उमरसऱ्यात २० लाखांचे घर आहे आणि बाकी दीड लाख. पत्रिका, शोध अहवाल, ताबा सगळे स्वच्छ हाती आले तर बोली १५-१६ लाखांवर जायला हरकत नाही. त्यातले काहीच माहीत नसेल तर शहाणा माणूस चार-पाच लाखांपलीकडे जाणार नाही, आणि बहुतेक जण येणारच नाहीत. नगर परिषदेची दीड लाखाची वसुली दोन्ही वेळा होते, म्हणून तिला फरक जाणवत नाही. बाकी वजा जाता घरमालकाच्या हाती एकदा साडेतेरा-साडेचौदा लाख उरतात, एकदा अडीच-साडेतीन. बोलीदार मुळीच न आल्यास काय होते, याचा दाखला महसूल खात्याकडे आहे. शेतसाऱ्याच्या थकबाकीपोटी काढलेल्या जमिनीला गिऱ्हाईक मिळाले नाही की ती नाममात्र एक रुपयाच्या बोलीवर सरकारजमा करण्याची सोय संहितेच्या कलम २२० मध्ये आहे. या ‘आकारी पड’ जमिनी दशकानुदशके तशाच पडून राहिल्या. २०२५ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाला ४,८४९ एकर जमीन मूळ शेतकऱ्यांना किंवा वारसांना परत देण्याचा मार्ग काढावा लागला. सारा किरकोळ होता, गेली ती पिढ्यांची जमीन.

यावर पहिला आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलका नाही. सावकारी आणि जप्ती यांनी ज्या जिल्ह्यातली घरे पोळली आहेत, तिथे लिलाव अधिक चांगला चालावा असे म्हणणे निष्ठुर वाटते. माझेही म्हणणे असे नाही की जास्त घरे विकली जावीत. हप्ते पाडून देणे, शास्ती माफ करणे, वृद्ध आणि विधवांच्या प्रकरणात थांबणे हे सगळे आधी व्हावे. पण हे करूनही जे घर विक्रीला निघतेच, ते कवडीमोलाने जाण्यात दया कोणावर? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जेराल्डिन टायलर या वयोवृद्ध बाईंचे घर सुमारे १५ हजार डॉलरच्या बाकीसाठी काउंटीने घेतले, ४० हजारांना विकले आणि वरचे पैसेही ठेवून घेतले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की वरची रक्कम बाईंची आहे. घर गेले तरी बाकीपेक्षा जे जास्त आले ते मालकाचे, हे तत्त्व एकदा मान्य केले की बोली उंच जाणे हे थकबाकीदाराच्याही हिताचे ठरते, आणि कागद तपासून निर्धास्त बोली लावणारा माणूस त्याचा शत्रू राहत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: शोध घेणे खरेदीदाराचे काम, नगर परिषदेने त्याची हमी का घ्यावी? कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात अशीच रीत आहे. करापोटी विकल्या जाणाऱ्या घरांसाठी बंद निविदेसोबत किमान २० टक्के रक्कम घेतात आणि मालकी हक्काबद्दल नगरपालिका काहीही सांगायला बांधील नसते. हमी मीही मागत नाही. हमी देणे वेगळे आणि माहीत असलेले सांगणे वेगळे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने न्यायालयीन विक्रीच्या जाहीरनाम्यात मालमत्तेवरचा बोजा आणि किंमत जोखायला लागणाऱ्या इतर महत्त्वाच्या गोष्टी लिहिणे बंधनकारक केले. बँकांनाही तारण वसुलीच्या २००२ च्या नियमांनुसार विक्रीच्या नोटिशीत आपल्याला ठाऊक असलेले बोजे द्यावे लागतात. दिवाणी न्यायालय आणि बँक जे करते ते नगर परिषदेला जड का व्हावे?

जड होते ते मनुष्यबळामुळे, असे उत्तर मिळते. करनिरीक्षक मोजके, मार्चचे उद्दिष्ट डोक्यावर, त्यात पत्रिका कोण काढणार? पण हे काम शहरातल्या सगळ्या घरांसाठी करायचे नाही, विक्रीला निघालेल्या थोड्या मालमत्तांसाठी करायचे आहे. आखीव पत्रिकेची ताजी नक्कल, सूची-२ चा शोध, ताब्यात कोण आहे याचा जागेवरचा पंचनामा आणि चतुःसीमांचा साधा नकाशा, एवढे चार कागद नोटिशीसोबत लावायचे. नक्कल फी आणि वकिलाची फी विक्रीच्या खर्चात धरता येते. शिवाय हे कागद जप्तीच्या आधीच काढले तर मृत मालकाचे वारस तेव्हाच सापडतील, नोटीस योग्य माणसाच्या हाती पडेल, आणि पुण्यात किंवा नागपुरात नोकरी करणारा मुलगा, ज्याला बाकी आहे हेच माहीत नव्हते, ती भरून टाकील.