ही घरघर कुठली?

पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत, एक कॅसेट होती. आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्या आत्यानं टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेल्या. आजी गेली, कॅसेट राहिली. गेल्या एप्रिलमध्ये मी ठरवलं, फीत तुटायच्या आत आजीचा आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचा. टेप दुरुस्त करून आणला, वायर जोडली, बटण दाबलं. ओव्या आल्या, पण त्यांच्याखाली एक जाडसर घरघर अखंड चालू होती. दोन ओव्या ऐकून आत्या उठली. म्हणाली, "आई पिठाच्या गिरणीत बसून गातीय जणू."

एका दुकानात विचारलं. कॉम्प्युटर न बघताच सांगण्यात आलं, साउंड कार्ड गेलंय, नवं टाका. मी टाकलं. घरघर तशीच.

त्यानंतरच्या आठ दिवसांत जे शिकलो ते इथे मांडतो, कारण ही चूक घरोघरी होते. आवाज बिघडला की आपण आधी वस्तू बदलतो आणि बिघाड मागाहून शोधतो. खरं तर शोधाची पहिली पायरी आपल्या भाषेतच आहे. "आवाज नीट येत नाही" एवढ्यावर थांबू नका. तो फाटतो, डब्यातून आल्यासारखा वाटतो, कटकट करतो, खरखरतो की घरघरतो? या प्रत्येक शब्दामागे बहुतेक वेळा वेगळं कारण असतं.

आवाजाची वाट

गाणं फाइलमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची मोजणी होते. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे सूर कळतात आणि मोजणी त्याच्या दुपटीहून थोडी जास्त लागते, म्हणून हा आकडा. हे आकडे सॉफ्टवेअरमधून साउंड कार्डात जातात, तिथे त्यांची वीज होते, ती वायरीतून स्पीकरला पोचते आणि शेवटी खोलीतल्या भिंतींवर आपटून आपल्या कानात येते.

बिघाड या वाटेवर कुठेही असू शकतो, म्हणून वाट मधोमध तोडायची. स्पीकर काढून हेडफोन लावा. आवाज सुधारला, तर दोष स्पीकरकडे किंवा त्याच्या विजेकडे. नाही सुधारला, तर तेच हेडफोन मोबाइलला लावा. तिथे चांगले वाजले, तर दोष कॉम्प्युटरात. मग दुसरी फाइल वाजवा, कारण कमी जागेत कोंबलेल्या फाइलीत आधीच गमावलेला आवाज कुठलाही स्पीकर परत आणत नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि खर्च शून्य.

फाटणारा आवाज

आवाजाची पातळी तीन ठिकाणी ठरते: प्लेअरमध्ये, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आणि स्पीकरच्या बटणावर. एका ठिकाणी मर्यादेपलीकडे ताणला की लाटेचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. पुढे बटण कमी केलं तरी कापलेले शेंडे परत येत नाहीत. आवाज 'भारदस्त' करण्याच्या सोयी, म्हणजे ऑडिओ एन्हान्समेंट, आधी बंद करून बघाव्यात. टेप जोडताना आणखी एक काळजी घ्यायची. डेस्कटॉपच्या मागे गुलाबी भोक माइकचं आणि निळं लाइन-इनचं असतं. माइकचं भोक अगदी क्षीण आवाजासाठी असतं. तिथे टेप जोडला तर आवाज फाटणारच.

डब्यातला आवाज

गाणं छान वाजतं, पण व्हिडिओ कॉल सुरू झाला की ब्लूटूथ हेडफोन एकदम जुन्या टेलिफोनसारखा वाजतो, ही आजची सर्रास तक्रार. हेडफोनचा माइक चालू झाला की बहुतेक ब्लूटूथ जोडण्या बोलण्यासाठीच्या हलक्या दर्जावर जातात. हेडफोन बिघडलेला नसतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, आवाज बहुधा परत येतो.

दुसरं कारण ऐकून नवल वाटेल. गायकाचा आवाज गायब आणि बाजूची वाद्यं तेवढी दुरून ऐकू येत असतील, तर पिन पूर्ण आत गेलेली नाही. पिनेच्या बुडाशी असलेली ग्राउंडची जोडणी सुटली की डाव्या आणि उजव्या बाजूचा फक्त फरक ऐकू येतो. गायक दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तोच वजा होतो.

खोलीही पाहा. वर पत्रे, खाली फरशी आणि मोकळ्या भिंती असतील तर आवाज घुमतो. मागच्या भिंतीवर गोधडी टांगली तरी फरक कळतो. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालच्या बाजूचे स्पीकर दबतात.

कटकट आणि खरखर

मधूनमधून टक-टक होत असेल, तर कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतलेला असतो आणि आवाजाचे आकडे वेळेवर पुरवू शकत नाही. नको ते प्रोग्रॅम बंद करा, वीज वाचवण्याचा मोड काढा, साउंडचा ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या कंपनीच्याच साइटवरून घ्या.

वायर हलवली की खरखर होते? मग दोष जोडणीत. आमच्या जिल्ह्यात याचीही दोन रूपं आहेत. पारनेर, कर्जत, जामखेडकडे उन्हाळ्याची धूळ भोकात बसते. कळसूबाईच्या पायथ्याशी, अकोले तालुक्याच्या घाटपट्टीत, पावसाळ्याची ओल पिनेवर गंज चढवते. वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिन पुसावी आणि पूर्ण वाळल्यावरच लावावी. साधा बटणाचा फोन स्पीकरजवळ ठेवला की येणारी टिर्र-टिर्र मात्र वेगळी. टूजी फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा तुटक लहरी सोडतो, त्या स्पीकरची वायर पकडते. फोन हातभर दूर ठेवला की झालं.

आणि घरघर

आमची तक्रार ही होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जाड, एकसुरी घरघर ५० किंवा १०० हर्ट्झच्या आसपास असली की ती विजेतून आली असं धरून चालावं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर साउंड कार्डाला हात लावायचं कारण नाही. इन्व्हर्टरवर गुणगुण वाढत असेल तर त्याची वीज शुद्ध साइन वेव्ह नाही, हे कारण असू शकतं. कॉम्प्युटर एका खोलीतल्या प्लगवर आणि स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर असेल, तर दोन्ही एकाच बोर्डावर आणा. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका. तो उपाय नव्हे, जिवाशी खेळ आहे.

आमच्याकडे खूण आधीपासून होती, आम्हीच तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते नकोशी वीज कॅबिनेटमार्फत जमिनीत सोडतात. अर्थिंग तुटलं तर तिला वाट राहत नाही आणि २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब कॅबिनेटवर तरंगत राहतो. तीच वीज टेपच्या वायरीतून जमीन शोधत होती.

परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब लावून दाखवला, तो काजव्याएवढाच पेटला. अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला तर आत मुरूम कोरडा ठणठणीत, तार गंजून तुटायला आलेली. आमचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. माती सुकली की तिच्यातून वीज नीट वाहत नाही. नवा पाइप, कोळसा, मीठ, वर पाणी. बल्ब लख्ख पेटला. आता उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालताना एक तांब्या त्या खड्ड्यात जातो.

खरं तर सॉफ्टवेअरनं घरघर पुसून टाकायचा सोपा मार्ग होता. तो घेतला नाही याचं आज समाधान वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या अशाच एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांतल्या काही आज ऐकता येतात. घरच्या कॅसेटींचं जतन मात्र घरच्यांनीच करायचं असतं, आणि ते करताना मूळ ध्वनिमुद्रण आहे तसं, न दाबता साठवावं. सीडीच्या दर्जाच्या एका तासाला साधारण ६३५ एमबी लागतात. आजच्या डिस्कवर ही जागा काहीच नाही.

कॅसेट पुन्हा लावली. विजेची घरघर गेली होती. आत्या डोळे मिटून ऐकत होती. आजीच्या आवाजाखाली आता काहीतरी हलकं, मंद, थांबत-थांबत फिरत होतं. मी कॉम्प्युटरकडे धावलो, वाटलं पुन्हा बिघडलं. आत्यानं हात वर केला. "थांब. जातं आहे ते."

इतके दिवस एका घरघरीनं दुसरी झाकली होती. सॉफ्टवेअरनं पुसली असती, तर दोन्ही गेल्या असत्या.