वाड्याच्या लाकडाची पाहणी आणि निगा

पेठेतील जुना वाडा पाडावयाचे ठरले की, ‘आता लाकूड म्हातारे झाले’ हे कारण हटकून पुढे केले जाते. वस्तुतः पक्क्या सागाच्या गाभ्यास वयाचे भय फारसे नसते. बडोद्याचा चारमजली तांबेकर वाडा एकोणिसाव्या शतकातला. तो आजही उभा आहे. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या खाली राहिला तर त्यास कुजविणारी बुरशी वाढू शकत नाही. तेव्हा वाड्याचा खरा वैरी पाणी होय, आणि ते बहुधा ठराविक जागीच शिरते.

म्हणून पाहणी करणाऱ्याने नक्षीदार खांब न्याहाळीत बसू नये. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक, खांबाचे तळखड्यावर टेकलेले बूड आणि पन्हळीलगतचे वासे ही तीन ठिकाणे आधी पाहावी. लाकडी हातोडीने ठोकावे. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले बद्द वाजते. शंका आल्यास आरी टोचून पाहावी. ती सहज आत गेली तर वरचा रंग कितीही तुळतुळीत असो, आतील लाकूड गेले असे समजावे. ही पाहणी वैशाखात करण्याचा प्रघात आहे व तो योग्यच. कारण कौले फिरविण्यास तेव्हा सवड मिळते. परंतु आमच्या मते एक फेरी भर पावसातही मारावी. पाणी कोठून कोठे वाहते हे कोरड्या घरात कळत नाही.

भेगा पाहून पुष्कळ लोक घाबरतात. लाकूड वाळताना तंतूंच्या दिशेने पडलेली भेग सहसा निरुपद्रवी असते. तंतूंना आडवी गेलेली भेग मात्र धोक्याची. भेग वाढते की काय हे पाहण्यास तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख घालावी. पट्टी फाटली की तुळईस टेकू देऊन अभियंत्यास बोलवावे.

वाळवीसंबंधी आपल्या समाजात संकोच असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या करून चढते व तिला ओल लागते. जोत्यालगत लाकडाचे ढीग व पोती रचू नयेत, पाणी साचू देऊ नये, आणि नळ्यांवर नजर ठेवावी. म्हणजे विष घालून जीवहत्या करण्याची वेळ बहुधा येतच नाही.

सर्वांत अधिक नुकसान सद्हेतूने केलेल्या डागडुजीने होते. ओल्या लाकडावर तैलरंग चढविला की ओल आत कोंडते. चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिल्यानेही तेच घडते. ती ओल मग तुळईच्या टोकाकडे वळते. चुना ओल घेतो आणि सोडतोही, म्हणून जुन्या भिंतीस चुनाच बरा. टोक कुजले म्हणून सबंध तुळई टाकण्याचे कारण नाही. जाणता सुतार कुजका भाग कापून नवे लाकूड सांध्याने जोडतो. हा खर्च वाडा पाडून नवा बांधण्याच्या मानाने किरकोळ होय.

पाणी वर्षानुवर्षे सूचना देते. आग देत नाही. इंदूरच्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडी होते. १९८४ च्या आगीत त्यांची मोठी हानी झाली. ती आग दंगलीतील होती, पण आपल्या घरांत विजेच्या जीर्ण तारा अजूनही लाकडी पट्ट्यांतून माळ्यापर्यंत गेलेल्या आढळतात. कौलांपूर्वी त्या बदलाव्या.